हे धोंडे काय सांगतात?

शास्त्रवाचन : यहोशवा ४:१-९ व ५:१३-१५, योहान १५:९-१३, रोमकरांस पत्र ५:६-११



जून महिना लागला, शाळा उघडल्या, की दरवर्षी मला एका मुलाच्या प्रश्नाची आठवण होते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शब्बाथशाळेत त्या रविवारी 'धैर्य' हा विषय होता. तारीख ६ जूनच्या आसपासची होती, म्हणून मी फळ्यावर खडूने समुद्र काढला, होड्या काढल्या, पलीकडे उंच टेकडी काढली, आणि १९४४ साली फ्रान्स देशातील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचे सैन्य कसे उतरले, ती हकिगत चांगली रंगवून सांगितली. मुले अगदी चिडीचूप होऊन ऐकत होती. शेवटी सैनिक टेकडी चढून गेले, असे सांगताच काहींनी टाळ्याही पिटल्या. मला वाटले, आजचा धडा उत्तम झाला.

इतक्यात मागच्या बाकावरचा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, टेकडीवर जे शिपाई होते ना, त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना करत होतं का?"

मी म्हणालो, "अरे, ते तर वैरी होते." आणि घंटा झाली होती, म्हणून शेवटचे गीत घेऊन मी वर्ग सोडला.

मुलगा काही बोलला नाही, खाली बसला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याने वैऱ्यांवर प्रीती करा असे शिकविले, त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत, त्याच्याच सेवकाने एका लेकराला हे उत्तर दिले होते! आजचा हा संदेश म्हणजे त्या मुलाला जे उत्तर मी त्या दिवशी द्यावयास हवे होते, ते शोधण्याचा प्रयत्न आहे.

आपल्या पहिल्या शास्त्रभागात इस्राएल लोक यार्देन ओलांडून पलीकडे गेले आहेत. परमेश्वराच्या आज्ञेवरून प्रत्येक वंशातील एकेक पुरुष नदीच्या पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर घेऊन येतो, आणि जेथे त्यांचा मुक्काम होतो तेथे ते बारा धोंडे रचले जातात. कशासाठी? पुढे मुले विचारतील, की हे धोंडे येथे का आहेत, तेव्हा वडिलांना सांगता यावे म्हणून. शिक्षकहो, हे नीट ध्यानात घ्या. स्मारक उभारण्याआधीच देवाने मुलांचा प्रश्न गृहीत धरला आहे. मुले विचारतीलच. आपण काय सांगणार, एवढाच प्रश्न आहे.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही असे धोंडे आहेत. आरोमांश नावाच्या गावासमोर भर समुद्रात आजही काँक्रीटचे प्रचंड ठोकळे उभे आहेत. सैन्याला रसद पुरविण्यासाठी बंदर हवे होते, म्हणून इंग्लंडात बंदराचे भाग तयार करून ते समुद्रातून ओढत आणून तेथे जोडण्यात आले. भरती आली की त्यांच्यातले काही पाण्याखाली जातात, ओहोटी लागली की पुन्हा दिसू लागतात. किनाऱ्यावर फिरायला येणारी मुले आईबापांना विचारतात, हे काय आहे? पूर्वी सांगणारे म्हातारे सैनिक स्वतःच तेथे येत असत. २०२४ साली त्या घटनेला ८० वर्षे झाली, तेव्हा जे थोडे जमले होते त्यांच्यातले बहुतेक शंभरीच्या घरातले होते. साक्षीदार जात आहेत. आता धोंड्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी बोलावे लागेल.

तेव्हा प्रथम हकिगत थोडक्यात सांगतो. हिटलरच्या सैन्याने १९४० साली फ्रान्स जिंकून घेतला होता. नाझी राजवटीने ६० लाख यहूदी लोकांचा, म्हणजे आपल्या प्रभूच्याच रक्ताच्या लोकांचा, संहार केला. ही राजवट मोडण्यासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये उतरण्याचे ठरले. दिवस ५ जूनचा नेमला होता. पण समुद्र खवळलेला, वारा जोराचा. म्हणून सरसेनापती आयझेनहॉवर यांनी बेत एक दिवस पुढे ढकलला. ५ जूनच्या रात्री हजारो सैनिक हवाई छत्र्यांच्या साहाय्याने अंधारात उतरले, आणि ६ जूनच्या पहाटेपासून सुमारे ७ हजार जहाजे व होड्या किनाऱ्याकडे निघाल्या. यूटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि स्वोर्ड अशी सांकेतिक नावे दिलेल्या पाच किनाऱ्यांवर, आकाशातून उतरलेले धरून, त्या एका दिवसात दीड लाखाहून अधिक माणसे उतरली. त्यांत अमेरिकन, ब्रिटिश व कॅनेडियन मुख्य होते. इतर अनेक देशांचेही होते.

सर्वांत भयंकर गोष्ट ओमाहा किनाऱ्यावर घडली. रात्रभर होडीत ओकाऱ्या काढून गळून गेलेली पोरे, अंगावर जड ओझे, अंगातले कपडे चिंब. होडीची पुढची फळी खाली पडली की समोरच्या उंचवट्यावरून मशीनगनचा मारा सुरू होई. कित्येक जण वाळूवर पाय ठेवण्याआधीच पडले. कित्येक ओझ्यासकट पाण्यात बुडाले. दिवस मावळेपर्यंत दोस्त राष्ट्रांचे ४,४०० हून अधिक सैनिक मरण पावले होते.

येथवर मी त्या दिवशी फळ्यापाशी सांगितले होते. पण स्मरण म्हणजे एवढेच नव्हे. शास्त्राच्या प्रकाशात मला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

१. स्मरण म्हणजे नाव घेणे.

आकडा ऐकून मन हलत नाही. नाव ऐकून हलते. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतात बेडफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. त्या वेळी त्याची वस्ती तीन-साडेतीन हजारांची होती. त्या गावची मुले एकाच पलटणीत होती आणि ती ओमाहा किनाऱ्यावर अगदी पहिल्या तुकड्यांत उतरली. नॉर्मंडीत गावातले सुमारे २० तरुण गेले, आणि त्यांतले बहुतेक त्या पहिल्याच सकाळी. गावात मात्र कोणालाच काही ठाऊक नव्हते. जून गेला. जुलैच्या मध्याला तारा येऊ लागल्या. एकीमागून एक, एकाच दिवशी अनेक. कल्पना करा, आपल्या एखाद्या लहान मंडळीत एका आठवड्यात इतक्या घरी अशी तार आली तर पुढच्या रविवारी उपासनेला कोण गीत सुरू करील? त्या अमेरिकन गावी २००१ साली या घटनेचे राष्ट्रीय स्मारक झाले. मेलेल्या प्रत्येकाचे नाव वर्षानुवर्षे शोधून, पडताळून, तेथे धातूच्या पाटीवर कोरले आहे.

आणि ज्यांचे नाव कळलेच नाही त्यांचे काय? बायो गावच्या राष्ट्रकुल युद्धस्मशानात ४ हजारांहून अधिक सैनिक पुरले आहेत. त्यांतल्या काहींच्या दगडावर नाव नाही. हा कोण हे देवाला ठाऊक, अशा अर्थाचे शब्द आहेत. यशया ४९:१६ आठवा. परमेश्वराने आपली माणसे आपल्या तळहातांवर कोरून ठेवली आहेत. दगडावरचे अक्षर पावसाने झिजते; त्या हातांवरचे झिजत नाही.

येथे आपल्या बेळगावच्या मंडळीला काही निराळे सांगावयास नको. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तुमच्या गावातच आहे. नॉर्मंडीनंतर पाचच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, त्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. बरोबरचे सर्व जण ठार वा जखमी झाले असता ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. वय अवघे २२. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांची कबर सापडत नाही. कसीनो येथील स्मारकावर फक्त नाव आहे. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. ज्या राज्याच्या झेंड्याखाली ते लढले ते राज्य त्यांचे स्वतःचे नव्हते, आणि त्यांचा देश स्वतंत्र व्हावयास अजून तीन वर्षे होती. ते आपल्या मंडळीतले नव्हते, परंतु आपलेच होते. परक्या मुलखात गेलेल्या मुलाची आई नॉर्मंडीत काय, व्हर्जिनियात काय, कोकणात काय, सारखीच वाट पाहते.

२. स्मरण म्हणजे ऋण मान्य करणे.

योहान १५:१३ हे वचन कितीतरी युद्धस्मारकांवर कोरलेले आढळते. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असे प्रभू तेथे सांगतो. सैनिकांच्या बाबतीत ते खोटे नाही. आपण शांतपणे उपासनेला बसतो, मुलांना भीती न बाळगता शाळेत पाठवतो, त्यामागे कोणीतरी किंमत भरलेली असते. ती न मानणारा मनुष्य कृतघ्न होय.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. सैनिकाचे मरण आणि प्रभूचे मरण एक नव्हे. सैनिक मारता मारता मरतो, आणि त्यात त्याचा दोष आपण काढीत नाही. काही युद्धे अशी असतात की दुष्टाचा हात धरला नाही तर दुर्बल चिरडले जातात. तरी पण सैनिकाच्या रक्ताने कोणाचे पाप धुतले जात नाही, आणि विजयी राष्ट्र विजयी झाले म्हणून पवित्रही होत नाही. यार्देनेकाठचे ते बारा धोंडे पाहा. त्या दिवशी नदी ओलांडणाऱ्यांत युद्धास सज्ज असे ४० हजार पुरुष होते, असे त्याच अध्यायात लिहिले आहे. पण धोंडे त्यांच्या तलवारींची थोरवी सांगत नाहीत. देवाने पाणी थांबविले, एवढेच ते सांगतात.

ऋण मानणारा मनुष्य नम्र होतो, याचे एक उदाहरण सांगतो. उतरण्यापूर्वी आयझेनहॉवर यांनी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. मोहीम फसली तर जाहीर करण्यासाठी ती होती. सैनिकांनी आपले कर्तव्य पुरेपूर केले, काही चुकले असेल तर तो दोष एकट्या माझा, असा तिचा आशय होता. मोहीम यशस्वी झाली आणि चिठ्ठी वाचण्याची वेळच आली नाही. बंधूंनो, आपण आपल्या पंचकमिट्यांच्या बैठका आठवून पाहू या. जमाखर्च जुळला तर तो मी जुळवला, आणि न जुळला तर खजिनदाराने बिघडवला. नाताळचा कार्यक्रम रंगला तर माझ्यामुळे, फसला तर तरुणसंघामुळे! अशी एखादी चिठ्ठी आपल्यापैकी किती जणांच्या खिशात निघेल? सैनिकांचे स्मरण करावयाचे तर त्यांच्या सेनापतीची ही एक गोष्टदेखील शिकावी.

३. स्मरण म्हणजे वैऱ्याचीही जखम बांधणे.

आता मी त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. टेकडीवरच्या शिपायांसाठी कोणी प्रार्थना करीत होते का?

होय, करीत होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ६ जूनच्या रात्री रेडिओवरून आपल्या मुलांसाठी प्रार्थना केली आणि सारा देश त्यांत सामील झाला. पण जर्मनीतही आया होत्या, तेथेही चर्च होती. जर्मन शिपायाच्या कमरपट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्याबरोबर' अशा अर्थाचे शब्द होते. केवढी भयंकर गोष्ट! त्या शब्दांखाली केवढा अन्याय झाला! पण त्या पट्ट्याच्या आत जो मुलगा होता, तोही कोणाचा तरी मुलगाच होता. त्यांतले कित्येक तर जर्मनही नव्हते. जिंकलेल्या मुलखांतून आणून त्यांच्या हाती बंदूक दिलेली होती. ला कांब या गावी जर्मन सैनिकांचे स्मशान आहे. तेथे सुमारे २१ हजार पुरले आहेत. दगडांवरची वये वाचली तर पुष्कळ जण नुकतीच मिसरूड फुटलेले.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाला यरीहोजवळ हातात उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसला. यहोशवाने सरळ विचारले, की तू आमच्या पक्षाचा आहेस की आमच्या शत्रूंच्या? तो म्हणाला, दोन्हींपैकी नाही. मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलो आहे. तेव्हा यहोशवा पालथा पडला आणि त्याने पायांतले जोडे काढले. देव आमच्या बाजूचा आहे काय, हा आमचा प्रश्न असतो. आम्ही देवाच्या बाजूचे आहोत काय, हा त्याचा प्रश्न असतो. न्याय आणि अन्याय यांत देव तटस्थ नाही. नाझींचे पाप ते पापच. पण माणसांच्या जिवाविषयी तो पक्षपाती नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल काय सांगतो? आपण शत्रू असताना देवाच्या पुत्राच्या मरणाने आपला त्याच्याशी समेट झाला. म्हणजे वधस्तंभाच्या टेकडीकडे पाहिले तर वैऱ्यांच्या जागी आपणच उभे होतो!

याची एक जिवंत साक्ष त्याच नॉर्मंडीत आहे. आंगोव्हिल-ओ-प्लाँ नावाचे एक चिमुकले खेडे, आणि त्यात एक शेकडो वर्षांचे जुने दगडी चर्च. हवाई छत्रीने उतरलेले रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर हे दोन अमेरिकन तरुण, वय वीसच्या आतबाहेर. ते डॉक्टर नव्हते. मलमपट्टी करण्याइतपत शिकवलेले शिपाई होते. त्यांनी त्या चर्चमध्ये जखमींना आणून बाकांवर निजवले. नियम एकच केला : आत येताना शस्त्र बाहेर ठेवावयाचे. आणि मग जो जखमी येईल त्याला आत घेतले, अमेरिकन असो वा जर्मन. बाहेर लढाई चालू होती. गाव कधी या बाजूच्या हाती, कधी त्या बाजूच्या. एकदा जर्मन अधिकारी दारात आला. आपलीही माणसे येथे शुश्रूषा घेत आहेत हे पाहून तो निघून गेला. एक तोफगोळा छप्पर फोडून आत पडला, पण फुटला नाही. अशा रीतीने त्या दोघांनी सुमारे ८० जणांची सेवा केली. त्या लाकडी बाकांवर रक्ताचे डाग अजून आहेत. पुसून काढलेले नाहीत. पुढे २०१३ साली राइट वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांना त्याच चर्चच्या आवारात विसावा मिळाला.

गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार चालवून मल्खाचा कान कापला, तेव्हा प्रभूने काय केले? तो त्याच घटकेला धरला जात होता, तरी त्याने त्या मनुष्याचा कान बरा केला. वधस्तंभावर जाण्यापूर्वी त्या हातांनी शेवटी ज्याला बरे केले, तो त्याला धरावयास आलेल्या टोळीतला होता. मग पुढे त्याच हातांत खिळे ठोकले गेले. आंगोव्हिलच्या त्या दोन पोरांनी कदाचित धर्मशास्त्राचा अभ्यास केला नसेल, पण त्यांनी ते केले.

आता आपली बाके पाहा. आपल्या चर्चची बाके स्वच्छ आहेत, पॉलिश केलेली आहेत. पण ज्याच्याशी जमिनीवरून वाद आहे, ज्याच्या घरी लग्नाचे आमंत्रण गेले नाही, निवडणुकीत ज्याने दुसऱ्याला मत दिले, तो आला तर आपण त्याच बाकावर त्याला जागा देतो काय? की पलीकडच्या रांगेत जाऊन बसतो? शस्त्र बाहेर ठेवून आत या, हा नियम आपल्या दाराला कधी लागू होणार? जीभ हेही शस्त्रच आहे, आणि ते आपण बहुधा आत घेऊन येतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना शेवटी एवढेच सांगतो. मुलांना शौर्याच्या कथा जरूर सांगा. दाविदाची सांगा, गिदोनाची सांगा, नॉर्मंडीची आणि यशवंत घाडग्यांचीही सांगा. पण कथा टाळ्यांवर संपवू नका. आंगोव्हिलच्या बाकांपाशी ती संपवा. आणि एखाद्या मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला, तर घंटा झाली म्हणून वर्ग सोडू नका. त्याच्या तोंडून देव तुम्हांलाच विचारीत असेल.

मी पुढच्या रविवारी त्या मुलाला सर्वांसमोर बोलावले. म्हणालो, "बाळ, मागच्या रविवारी मी तुला चुकीचं उत्तर दिलं. टेकडीवरच्या शिपायांसाठीही कोणीतरी प्रार्थना करत होतं, आणि देव तीही ऐकत होता."

तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग आपणही करू या का?"

मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याची आपल्या मंडळीची रीत नाही. ते नीतिमान न्यायाधीशाच्या हाती आहेत. पण आजही जगात लढाया चालू आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत आया जाग्या आहेत. तेव्हा आम्ही डोळे मिटले आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आज आपणही तशीच करू या.

प्रार्थना : हे शांतीच्या देवा, ज्यांनी दुसऱ्यांसाठी आपले प्राण वेचले, त्यांचे ऋण आम्ही तुझ्यापुढे मान्य करतो. ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, ती तुला ठाऊक आहेत. ज्यांची मुले आज सीमेवर वा समरांगणावर आहेत, त्या सर्व घरांना, या बाजूच्या आणि त्या बाजूच्या, तुझा आधार दे. आम्ही वैरी असताना तू आम्हांवर प्रीती केलीस, हे आम्हांला विसरू देऊ नको. आमच्या हातांतली व जिभेवरची शस्त्रे आम्ही तुझ्या दाराबाहेर ठेवावी म्हणून आम्हांला कृपा दे. आमच्या लेकरांनी विचारले, तर खरे उत्तर देण्यास आम्हांला धैर्य दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.